बुखारीला धूर नव्हता

शैलजाबाई घारपुरे खुर्चीत बसल्याच नाहीत.

"बसून सांगण्यासारखं नाहीये," त्या म्हणाल्या. "माझ्या हलगर्जीपणानं माझा नवरा मरता मरता वाचला, असं सगळे म्हणतायत. ते खोटं आहे. मला ते खोटं ठरवून हवंय, आणि आजच्या आज हवंय."

श्रीराम ओकांनी हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. विमानाच्या इंजिनात काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, पण माणूस समोर बसून धडधडीत खोटं बोलला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. म्हणूनच की काय, ज्ञानदा रेग्यांबरोबर हिंडायला त्यांना फार आवडायचं. ज्ञानदाबाईंनी वीस वर्षं प्रयोगशाळेत पुरावे तपासले, मग नोकरी सोडली आणि चंदीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात, लोकरीच्या दुकानाच्या वर, खासगी तपासाची पाटी लावली. गाडी श्रीरामरावांची आणि डोकं बाईंचं, अशी सरळ वाटणी होती.

"आजच का, काकू?" ज्ञानदाबाईंनी विचारलं.

"उद्या ह्यांना हॉस्पिटलमधून सोडतायत. शिशिरनं, माझ्या मुलानं, ठरवून टाकलंय. बाबा त्याच्या पंचकुल्याच्या फ्लॅटवर जाणार आणि मी साताऱ्याला बहिणीकडे. आराम करायला म्हणे! लेहपासून तेजपूरपर्यंत ह्यांच्याबरोबर संसार केला मी. आता म्हातारपणी आम्हाला दोन दिशांना पाठवतायत. का? तर मी नळी साफ केली नाही. अहो, केली होती! मी कुणाची माफी मागणार नाही आणि कुणी दिलेली माफी घेणारही नाही."

"नळी कसली, वहिनी?" श्रीरामरावांनी विचारलं.

"बुखारीची."

कर्नल नरेश घारपुरे निवृत्त होऊन चंदीगडला स्थायिक झाले तेव्हा त्यांनी कुल्लूहून एक बुखारी आणली. पत्र्याची बंद शेगडी. पोटात लाकूड जळतं आणि पाठीमागून धुराची नळी भिंतीतून बाहेर जाते. घारपुऱ्यांची नळी मागच्या अंगणात निघून वर गच्चीपर्यंत जायची. चंदीगडच्या जानेवारीत कर्नलसाहेबांचे गुडघे त्या बुखारीशिवाय हलत नसत. त्यामुळे ती बुखारी म्हणजे शैलजाबाईंचा देव्हारा होता. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नसत.

"दर रविवारी साफ करते," त्या म्हणाल्या. "अंगणात नळीला झाकण आहे. ते उघडून तारेचा ब्रश फिरवायचा, काजळी काढायची, झाकण परत लावायचं आणि कडेनं ओल्या मातीचा लेप द्यायचा. बुखारी पेटली की ती माती भाजून दगड होते. पुढच्या रविवारी उलथन्यानं ठोकून फोडावी लागते."

"मग झालं काय?"

"गेल्या शनिवारी मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. दुपारी मी बुखारी पेटवली. छान ओढत होती, खोलीत धुराचा कण नव्हता. मी बाहेर जाणार असले की लाकूड ठेवत नाही, धगधगते निखारे ठेवते. ह्यांना उठून लाकूड सारावं लागत नाही. शिशिर आला, त्यानं मला आणि सुनेला गाडीतून मंडळात सोडलं. तासाभरात फोन आला, हे बेशुद्ध आहेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, विषारी वायू. पोलीस आले, झाकण उघडलं, तर नळी काजळीनं गच्च भरलेली. लिहिलं चौकीवरच्या कागदात, घरातल्या बाईचा निष्काळजीपणा."

"तुम्ही ती काजळी पाहिलीत?"

"मी हॉस्पिटलात होते. तेव्हापासून मला घरात जाऊ दिलं नाही. किल्ल्या शिशिरकडे आहेत. आई, तू तिकडे बघूच नकोस, म्हणतो. फार गोड बोलतो हो. आई, तुझी चूक नाही, वय झालंय तुझं. डॉक्टरसमोर म्हणतो, मंडळातल्या बायकांसमोर म्हणतो. माझ्या अंगाची लाही लाही होते! त्यापेक्षा सून बरी. जे काय बोलायचं ते तोंडावर बोलते."

ज्ञानदाबाई उठल्या आणि त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढली.

"चला, तुमच्या घरी जाऊ."

"किल्ली नाहीये ना पण," श्रीरामराव म्हणाले.

"माझ्या घरात जायला मला किल्ली लागत नाही," शैलजाबाई म्हणाल्या आणि पुढे होऊन जिना उतरू लागल्या.

सेक्टर अकरातली घारपुऱ्यांची बंगलेवजा कोठी पुढून कुलूपबंद होती. शैलजाबाई बाजूच्या बोळातून मागच्या फाटकाशी गेल्या, वरून हात घातला आणि कडी खडाखडा वाजवत उघडली.

"वहिनी, हळू. कुणी बघितलं तर चोर समजेल," श्रीरामराव कुजबुजले.

"चोर कडी वाजवतो का कधी? बघू दे की सगळ्यांना."

अंगणात कंबरेच्या उंचीवर भिंतीतून नळी बाहेर आली होती आणि तिथून वळून वर गेली होती. वळणावर वाटीएवढं झाकण होतं. शैलजाबाईंनी ते काढून आत बोट फिरवलं. पोलिसांनी नळी मोकळी केली होती, तरी बोट काळंभोर झालं. त्यांचे डोळे भरून आले, पण ते रागानं.

ज्ञानदाबाई गुडघ्यांवर बसून झाकणाखालची जमीन बघत होत्या. तुडवल्या गेलेल्या मातीतून त्यांनी एक लालसर, कडक खापरी उचलली. एका बाजूनं ती गोल वळलेली होती. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या उलट्या घमेल्याकडे गेलं. त्याखाली वर्तमानपत्रावर पोलिसांनी नळीतून काढलेला काळा ढीग तसाच पडला होता.

"काकू, वर भाडेकरू कोण आहे?"

"हिमानी. सिमल्याकडची पोरगी, युनिव्हर्सिटीत संशोधन करते. बुखारीवरून तिची सारखी तक्रार, पण तिनंच ह्यांना बाहेर काढलं."

"तिला बोलवता का जरा?"

शैलजाबाई जिन्याकडे गेल्यावर ज्ञानदाबाईंनी चिमूटभर काजळी तळहातावर घेतली. श्रीरामरावांनी वाकून पाहिलं. काळ्या भुकटीत पिवळसर कण दिसत होते.

"विटेचा चुरा," श्रीरामराव आत्मविश्वासानं म्हणाले. "भिंतीतून नळी काढलीय ना."

"असेल," असं म्हणून ज्ञानदाबाईंनी कागदाची पुडी बांधली आणि पर्समध्ये टाकली. भिंतीशी तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यांनी झाकण उचकटलं. आत काळी कोरडी भुकटी, अर्ध्यावर आलेली.

"हे काय, काकू?" शैलजाबाई परत येताच त्यांनी विचारलं.

"साफ केलेली काजळी. मी टाकून देत नाही, गुलाबांसाठी साठवते."

हिमानी स्वेटरच्या बाह्या ओढत खाली आली. घारपुऱ्यांच्या घरात राहून तिला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"शिशिर भैया का फोन आया था," ती म्हणाली. "बोले, पापा फोन नहीं उठा रहे, ज़रा नीचे देख लो. मैंने खिड़की से देखा तो अंकल कुर्सी पर लुढ़के हुए थे. दरवाज़ा धकेलकर मैं अंदर गई. धुआँ? धुआँ तो बिल्कुल नहीं था! कमरा एकदम साफ़. तब तो मैं और डर गई. हमारे पहाड़ में बच्चा भी जानता है, अंगारे वाला बंद कमरा धुएँ वाले कमरे से ज़्यादा बुरा."

"पोलिसांनी झाकण उघडलं तेव्हा तू इथेच होतीस?"

"जी. हाथ लगाया और निकल आया."

"बुखारीबद्दल तुझी तक्रार होती म्हणे?"

हिमानी ओशाळली. "बुखारी की नहीं, आंटी की खाद की. जब गुलाबों में डालकर पानी देती हैं, दो दिन खिड़की नहीं खुलती. उसी डिब्बे की खाद. मैं तो उस डिब्बे को हाथ भी न लगाऊँ!"

"गुलाब फुलले की पहिला तूच तोडून नेतेस," शैलजाबाई म्हणाल्या.

गाडीत बसताना श्रीरामरावांनी आपलं मत मांडून टाकलं. "मला ही मुलगी संशयास्पद वाटते. घरात ती एकटी होती. तक्रारही तिचीच. आणि सापडलंही तिलाच."

"लक्षात ठेवते," ज्ञानदाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पर्समधली पुडी पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होत्या.

हॉस्पिटलात कर्नलसाहेब उशांना टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, मिशा मात्र ताठ होत्या. शेजारी स्टुलावर शिशिर सफरचंद कापत होता. आयटी पार्क नवं सुरू झाल्यापासून तो तिथल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. आईला पाहताच तो उठला.

"आई, कशाला दगदग करतेस? आणि हे..."

"ह्या माझ्या नावाची चौकशी करतायत," शैलजाबाई म्हणाल्या. "तू सफरचंद काप."

ज्ञानदाबाईंनी कर्नलसाहेबांना विचारलं, "त्या दुपारचं काय आठवतं?"

"फार नाही. ही गेली. मी वाचत होतो. डोकं दुखायला लागलं." ते थांबले. "आणि कुणीतरी फोडणी करत होतं. करपली ती. मी हाक मारणार होतो, गॅस बंद करा म्हणून."

शिशिरनं हळूच मान हलवली आणि आवाज खाली आणला. "घरात कुणी नव्हतं, मॅडम. शुद्धीवर आल्यापासून ते असंच बोलतायत. डॉक्टर म्हणतात, होतं असं. धुरानं जीव गुदमरला, खोकून खोकून थकले असतील, मग भ्रम."

"मी खोकलो नाही," कर्नलसाहेब गुरगुरले.

"बरं बाबा."

"तुम्ही त्या दिवशी कुठे होतात, शिशिर?" ज्ञानदाबाईंनी विचारलं.

"आई आणि स्मिताला न्यायला आलो. त्यांची तयारी व्हायची होती. मला ऑफिसचा कॉल होता, आत नेटवर्क मिळत नाही म्हणून मागच्या अंगणात बोलत उभा होतो. मग त्यांना मंडळात सोडलं आणि ऑफिस गाठलं. तिथून बाबांना घरच्या नंबरवर फोन लावला. दोनदा, तीनदा. उचलेनात. काळजी वाटली, म्हणून हिमानीला सांगितलं. नाहीतर..." त्याचा आवाज खरंच कापला. श्रीरामरावांना गहिवरून आलं. असा मुलगा असावा, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात पलंगाशेजारचा फोन खणखणला. कर्नलसाहेबांच्या हाताशीच होता, पण ते ढिम्म हलले नाहीत. "शैलजा! फोन!" म्हणून त्यांनी आवाज दिला.

शैलजाबाईंनी पलंगाला वळसा घालून रिसीव्हर उचलला. राँग नंबर होता. "जन्मात कधी फोन उचलला नाही या माणसानं," त्या म्हणाल्या. "आर्मीत ऑपरेटर होता, आता मी आहे. मी घरात नसले तर घंटा वाजत राहते बिचारी."

कर्नलसाहेब पहिल्यांदाच हसले. ज्ञानदाबाई हसल्या नाहीत.

बाहेर व्हरांड्यात सून भेटली. स्मिता हातात जेवणाचा डबा घेऊन तरातरा येत होती. चौकशी म्हणताच ती तिथेच थांबली.

"विचारा. मी लपवत नाही. आईंना आता झेपत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. शिशिरला मार्चमध्ये कंपनी अमेरिकेला पाठवतेय. आम्ही तिकडे आणि हे दोघं इथे, त्या बुखारीच्या घरात? आम्ही वर्षभर विनवतोय, फ्लॅटवर या. आईंचं एकच, मी माझं घर सोडणार नाही."

"त्या दुपारी तुम्ही काय करत होतात?"

"आईंच्या पैठणीच्या निऱ्या धरत होते. त्यांच्या मनासारख्या निऱ्या पडेपर्यंत सुटका नाही. एक मिनिट खोलीबाहेर गेले नाही."

"घरकामात तुमची मदत होते त्यांना?"

"मदत? त्या आठवड्यातच सव्वीस सेक्टरच्या मंडीतून मोहरीच्या पेंडीचं पोतं मी माझ्या गाडीतून आणून दिलं. कुटायलाही बसवलं मला. त्या त्यांच्या काळ्या डब्यात मिसळायला. गुलाबांचं खत! माझे हात दोन दिवस वासाचे राहिले." ती क्षणभर थांबली. "शिशिरला बरं आहे. त्याला गुलाब आणि कोबी यांतला फरकही कळत नाही."

श्रीरामरावांनी गाडीचं दार उघडून धरलं. "आता मला सुनेचा संशय येतोय," ते म्हणाले. "सासूला घराबाहेर काढायची घाई दिसतेय तिला."

"सकाळी हिमानी, आता स्मिता," ज्ञानदाबाई म्हणाल्या. "श्रीरामराव, संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्यावर याल. चार वाजता सगळ्यांना घारपुऱ्यांच्या घरी बोलवा. शिशिरला सांगा, किल्ल्या घेऊन ये."

चार वाजता घारपुऱ्यांच्या लहान बैठकीत सगळे जमले. शैलजाबाईंनी कुणालाही न विचारता बुखारी पेटवली. शिशिर "आई, नको" म्हणत पुढे झाला. त्यांनी नुसतं बघितलं, तसा तो मागे जाऊन बसला. ज्वाळा धडधडून वर गेल्या. खोलीत धूर आला नाही.

ज्ञानदाबाई बुखारीशेजारी उभ्या राहिल्या.

"पोलिसांचं म्हणणं, काकूंनी नळी साफ केली नाही, म्हणून ती तुंबली. आता हे बघा." त्यांनी तळहातावरची खापरी पुढे केली. "ही झाकणाखाली तुडवलेल्या मातीत मिळाली. झाकणाच्या कडेला लावलेला मातीचा लेप आहे हा, भाजून कडक झालेला. म्हणजे काकूंनी रविवारी नळी साफ केली, लेप दिला आणि आठवडाभर बुखारी जळली. पण हिमानी सांगते, पोलिसांनी हात लावला आणि झाकण निघून आलं. उलथनं लागलं नाही. मग हा लेप पोलिसांच्या आधीच कुणीतरी फोडला होता."

"काकूंनी स्वतःच?" श्रीरामरावांनी विचारलं.

"शनिवारी दुपारी काकूंनी बुखारी पेटवली तेव्हा ती छान ओढत होती. नळी आधी तुंबलेली असती तर पहिल्या काडीलाच खोली धुरानं भरली असती. म्हणजे पेटल्यानंतर आणि काकू जाण्याच्या आसपास नळी कुणीतरी बुजवली. अंगणातून."

ज्ञानदाबाईंनी पुडी काढली, त्यातल्या काजळीवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि ती बुखारीच्या तापल्या माथ्यावर पसरली.

"ही नळीत सापडलेली काजळी. पोलिसांनी काढून ठेवलेली."

चुर्र आवाज आला. आणि मग वास सुटला, झणझणीत, करपलेल्या फोडणीचा.

स्मिता ताडकन उठली. "ही तर पेंड! मोहरीची पेंड आहे ही!"

"ह्यांची फोडणी!" शैलजाबाई ओरडल्या. "अगंबाई, हे खरं सांगत होते!"

"अगदी खरं सांगत होते," ज्ञानदाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी त्याला भ्रम म्हटलं. श्रीरामराव, तो तुमचा विटेचा चुरा. आता विचार करा. नळीत साठलेल्या काजळीत मोहरीची पेंड कुठून येणार? पेंड मिसळली जाते ती फक्त एकाच ठिकाणी, काकूंच्या डब्यात. आणि त्या डब्यात जाते फक्त साफ करून काढलेली काजळी. म्हणजे जी काजळी दाखवून काकूंना दोषी ठरवलं, ती काकूंनी आधी स्वतःच्या हातानं नळीतून बाहेर काढली होती. कुणीतरी ती डब्यातून घेतली, अंगणातल्या नळाखाली भिजवली आणि परत आत कोंबली. नळी तुंबलेली सापडली, हाच काकूंनी ती साफ केल्याचा पुरावा आहे."

शैलजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मान ताठ केली.

"कुणी पण?" श्रीरामरावांना राहवेना.

"बुजवणाऱ्याला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, डब्यात पेंड आहे. त्याला ती साधी काजळी वाटली. बुखारी जुनी झालीय, आपोआप तुंबते, असं दिसावं म्हणून त्यानं मुद्दाम काजळीच निवडली. हिमानीला त्या डब्याचा वास नको नको झालाय. स्मितानं तर पेंड स्वतः कुटली. या दोघींपैकी कुणीही तो डबा उचलला नसता."

सगळ्यांच्या नजरा नकळत एका दिशेला वळल्या.

"दुसरी गोष्ट. काकू निघताना निखारे ठेवतात. लाकूड असतं तर नळी बुजताच धूर झाला असता, कर्नलसाहेब दोन ठसके देऊन काठी घेऊन बाहेर आले असते. निखाऱ्यांना धूर नसतो. नुसता वायू, ज्याला रंग नाही, वास नाही. हिमानीला हे लहानपणापासून ठाऊक आहे. खोलीत धूर नव्हता, कर्नलसाहेब खोकले नाहीत. तरी आज हॉस्पिटलात एक माणूस म्हणाला, धुरानं गुदमरले, खोकून थकले. त्याच्या डोक्यात धूरच होता. कारण त्याला धूरच करायचा होता."

"मॅडम, हे..." शिशिर म्हणाला.

"तुम्ही अंगणात फोनवर बोलत उभे होतात. आत स्मिता निऱ्या धरत होती. वेळ भरपूर होता. आणि नंतर ऑफिसातून तुम्ही कुणाला फोन लावलात? ज्यांनी जन्मात फोन उचलला नाही त्यांना. काकू घरात नाहीत हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच सोडून आला होतात. इतर कुठल्याही दिवशी घंटा वाजत राहिली तर तुम्हाला काळजी वाटली नसती. त्या दिवशी वाटली. कारण नळीत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं."

स्मितानं शिशिरचं नाव घेतलं, तसा त्यानं चेहरा ओंजळीत झाकला.

"मला फक्त धूर करायचा होता," तो म्हणाला. "एक दिवस खोली धुरानं भरली असती, आई. तुम्ही म्हणाला असता, आता नको ही बुखारी, आणि आमच्याकडे आला असता. मी वर्षभर हात जोडले, तू ऐकलंस? तुम्हाला इथे सोडून अमेरिकेला कसा जाणार होतो मी? दाराला कडी नव्हती, बाबा सहज बाहेर येतील असं वाटलं. फोन उचलेनात तेव्हा मी लगेच हिमानीला खाली पाठवलं. देवाशपथ, बाबांना काही व्हावं असं..."

"ते मला कळतं," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि श्रीरामरावांना तो सकाळच्या आवाजापेक्षा जड वाटला. "तुझी अक्कल गहाण पडली होती, एवढंच. ते मी पोटात घालीन. आई आहे मी. पण त्यानंतर काय केलंस? पोलिसांनी माझं नाव लिहिलं, तू गप्प. मंडळातल्या बायका माझ्याकडे कीव करून बघायच्या, तू गप्प. वर रोज मला माफ करत होतास! मला रात्र रात्र वाटायचं, खरंच विसरले का रे मी? माझाच माझ्या हातांवरचा विश्वास उडत चालला होता, शिशिर. आणि तू समोर बसून सफरचंद कापत होतास."

"आई, मला माफ कर."

"इतक्या स्वस्तात नाही. मी साताऱ्याला जाणार नाही. हे पंचकुल्याला जाणार नाहीत. उद्या ह्यांना घरी आणताना गाडी श्रीरामराव चालवतील. तू मागे ह्यांच्याशेजारी बसायचंस आणि सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचंस. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

हिमानीनं स्मिताला पाणी आणून दिलं. स्मिता रडत नव्हती, पण तिनं नवऱ्याकडे पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. श्रीरामराव गाडी हळू चालवत होते. शेजारी शैलजाबाई समोर बघत बसल्या होत्या. मागे शिशिरनं सांगायला सुरुवात केली, अडखळला, पुन्हा सुरुवात केली. शैलजाबाईंनी शब्द पाळला, त्या गप्प होत्या. फक्त मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते.

शिशिरचं सांगून झालं. कर्नलसाहेब खिडकीबाहेरच्या धुक्यात बघत राहिले. श्रीरामरावांना वाटलं, गाडी बाजूला घ्यावी की काय.

"श्रीरामराव," कर्नलसाहेब म्हणाले, "पुढच्या चौकातून पोलीस चौकीकडे घ्या."

"बाबा, केस होईल," शिशिर दबक्या आवाजात म्हणाला. "माझा व्हिसा, अमेरिका... सगळंच जाईल."

"जाऊ दे. मला मारायला निघाला नव्हतास, हे मी त्यांना सांगेन. साक्ष देईन. पण तिथल्या कागदावर तुझ्या आईचं नाव आहे. ते काढून तुझं घाल, आणि मग जेवायला घरी ये. त्याआधी येऊ नकोस."

गाडी चौकीसमोर थांबली. शिशिर उतरला. दोन पावलं गेला आणि फाटकाशी घुटमळला. तो आत जाईल की मागे वळेल, ते श्रीरामरावांना सांगता आलं नसतं.

शैलजाबाईंनी खाड्कन दार उघडलं.

"वहिनी, तुम्ही कुठे?"

"आत. पहिल्या वेळी माझ्यामागे लिहिलं त्यांनी. आता माझ्यासमोर लिहायचं. चल रे!"

त्यांनी मुलाच्या दंडाला धरलं आणि त्याच्या अर्धं पाऊल पुढे राहून फाटकातून आत शिरल्या.

श्रीरामरावांनी आरशातून मागे पाहिलं. कर्नलसाहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मिशा ताठच होत्या.

"इंजिन बंद करा," ते म्हणाले. "वेळ लागेल. प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय ती कुणाला सही करू देणार नाही."